मूत्रपिंडात प्रोस्टाग्लँडिन ई-२ चे ग्राही कुठे असतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रामुख्याने वैद्यकीय आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून, प्रयोगशाळेत ऊती रंगवणाऱ्यांकडून आणि ‘पेनकिलरने किडनी जाते म्हणतात, ते का?’ असं विचारणाऱ्या रुग्णांकडून येतात. उत्तरं सुटी वाचली तरी समजतील. एका प्रश्नातला मुद्दा दुसऱ्यात लागत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. प्रोस्टाग्लँडिन हे हार्मोन आहे का? आणि प्रोस्टेटशी त्याचा काय संबंध?

हार्मोनसारखं आहे, पण रूढ अर्थाने हार्मोन नाही. इन्सुलिन एका ग्रंथीत तयार होतं आणि रक्तातून दूरवर जाऊन काम करतं. प्रोस्टाग्लँडिन मात्र जिथे बनतं तिथेच, फार तर शेजारच्या पेशीवर काम करून संपतं. रक्तात सुटलेलं पीजीई-२ (प्रोस्टाग्लँडिन ई-२) फुप्फुसातून एकदा फिरलं की त्याचा बहुतेक भाग निकामी होतो. म्हणून त्याला ‘स्थानिक संप्रेरक’ म्हणतात. मूत्रपिंडातलं पीजीई-२ हे मूत्रपिंडानेच बनवलेलं असतं, बाहेरून आलेलं नसतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया आहे.

रासायनिकदृष्ट्या ते लिपिड आहे. पेशीच्या पटलातलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल (२० कार्बन, ४ दुहेरी बंध) सुटं होतं, कॉक्स-१ किंवा कॉक्स-२ हे विकर (एन्झाइम; डायक्लोफिनॅक, इंडोमेथासिनसारखी वेदनाशामकं हेच बंद करतात) त्यावर काम करतं आणि शेवटी पीजीई सिंथेस त्याचं पीजीई-२ करतं. नावातला ‘२’ हा बाजूच्या साखळ्यांत उरलेल्या दुहेरी बंधांचा आकडा आहे, ग्राहीचा नव्हे. हा घोटाळा परीक्षेत दरवर्षी होतो.

प्रोस्टेटचं नाव चुकून चिकटलं. १९३० च्या दशकात उल्फ फॉन ऑयलर यांना हा पदार्थ वीर्यात सापडला आणि तो प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावा असं त्यांना वाटलं. वीर्यातला बहुतेक साठा प्रत्यक्षात सेमिनल व्हेसिकलमधून येतो. या संशोधनाच्या पुढच्या टप्प्यासाठी बर्गस्ट्रोम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं. वीर्याचा हा संबंध प्र. १४ मध्ये अगदी व्यावहारिक कारणासाठी परत येईल.

२. पीजीई-२ एकच, मग ग्राही चार कशाला?

ग्राही म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पटलावरचं कुलूप. पीजीई-२ ची किल्ली चार कुलपांना लागते: ईपी-१, ईपी-२, ईपी-३ आणि ईपी-४. कुलूप उघडल्यावर आत काय होतं ते प्रत्येकात वेगळं असतं.

ईपी-१ पेशीतलं कॅल्शियम वाढवतो. ईपी-२ आणि ईपी-४ चक्रीय एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवतात. ईपी-३ प्रामुख्याने चक्रीय एएमपी कमी करतो. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियम वाढलं तर ती आवळते आणि चक्रीय एएमपी वाढलं तर सैल पडते. म्हणजे तेच पीजीई-२ एका वाहिनीला रुंद करू शकतं आणि दुसरीला अरुंद. ‘पीजीई-२ चा मूत्रपिंडावर परिणाम काय?’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही ते यामुळेच. आधी विचारावं लागतं, कोणत्या पेशीवर कोणता ग्राही बसला आहे?

ईपी-३ आणि ईपी-४ अगदी थोड्या पीजीई-२ लाही प्रतिसाद देतात. ईपी-१ आणि ईपी-२ ला जास्त मात्रा लागते. त्यामुळे एकाच पेशीवर दोन ग्राही असले तर पीजीई-२ थोडं असताना एक परिणाम आणि खूप असताना दुसरा, असंही होतं.

३. नेफ्रॉनच्या (मूत्रपिंडातली एक गाळणी आणि तिची नळी) भागांचा क्रम डोक्यात बसत नाही. थोडक्यात सांगाल?

रक्त अ‍ॅफरंट आर्टेरिओलमधून (बारीक धमनी) ग्लोमेरुलसमध्ये (रक्त गाळणारं वाहिन्यांचं जाळं) येतं आणि इफरंट आर्टेरिओलमधून बाहेर पडतं. गाळलेलं पाणी प्रॉक्झिमल ट्यूब्यूल, हेन्लेच्या वळणाची उतरती बाजू, मग चढती जाड बाजू (थिक असेंडिंग लिंब), डिस्टल कन्व्होल्यूटेड ट्यूब्यूल, जोडनळी आणि शेवटी कलेक्टिंग डक्ट अशा क्रमाने जातं. चढती जाड बाजू स्वतःच्याच ग्लोमेरुलसला जिथे टेकते तिथे मॅक्युला डेन्सा नावाचा पेशींचा ठिपका असतो. बाहेरचा थर कॉर्टेक्स, आतला मेड्युला. मेड्युलात सरळ खाली उतरणाऱ्या बारीक वाहिन्या म्हणजे व्हासा रेक्टा. पुढे एवढं पुरे.

४. मग चारही ग्राही माणसाच्या मूत्रपिंडात कुठे सापडतात, ते सरळ सांगा.

प्रतिपिंडांनी (ठरावीक प्रोटीनला चिकटणाऱ्या अँटिबॉडी) प्रोटीन रंगवून जे चित्र मिळालं ते असं.

ईपी-१ हा प्रामुख्याने नळीच्या शेवटच्या टप्प्यात सापडतो: जोडनळी, आणि कॉर्टेक्स व मेड्युला दोन्हींमधली कलेक्टिंग डक्ट. शिवाय धमन्यांच्या आणि दोन्ही आर्टेरिओलच्या स्नायूथरात. कलेक्टिंग डक्टमध्ये तो कॅल्शियम वाढवून सोडियमचं शोषण रोखतो, म्हणजे मीठ लघवीत जाऊ देतो.

ईपी-२ नळ्यांमध्ये जवळपास नाहीच. तो रक्तवाहिन्यांच्या स्नायूथरात असतो, धमनीत आणि दोन्ही आर्टेरिओलमध्ये. प्रमाणही कमी. पूर्ण मूत्रपिंडाचा आरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी जनुकाची निघणारी प्रत) काढून शोधला तर कधी कधी हाती लागत नाही, आणि मग ‘मूत्रपिंडात ईपी-२ नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

ईपी-३ चा पसारा सगळ्यात मोठा आहे. ग्लोमेरुलस, डिस्टल ट्यूब्यूलचा शेवटचा भाग, जोडनळी, सगळी कलेक्टिंग डक्ट, आणि वाहिन्यांच्या स्नायूथरासोबत आतलं अस्तरही. चढत्या जाड बाजूबद्दल वाद आहे, तो प्र. ६ मध्ये.

ईपी-४ ग्लोमेरुलसमध्ये ठळक दिसतो आणि धमन्यांच्या स्नायूथरात. ग्लोमेरुलसमध्ये त्याच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष गाळणीला बाहेरून वेढणाऱ्या पॉडोसाइट पेशींमुळे गेलं आहे. उंदरांच्या पॉडोसाइटमध्ये ईपी-४ मुद्दाम वाढवला की इजा झाल्यावर लघवीतून जास्त प्रथिनं जातात, काढून टाकला की कमी जातात.

पाठ करायचं असेल तर असं करा: वाहिन्यांच्या स्नायूत चौघेही, नळीच्या शेवटी एक आणि तीन, ग्लोमेरुलसमध्ये तीन आणि चार. ईपी-२ वाहिन्या सोडून कुठे जात नाही.

५. प्रॉक्झिमल ट्यूब्यूल तर सगळ्यात मोठी. तिथे काहीच नाही का?

मानवी मूत्रपिंडात तिथे चारांपैकी एकाचाही ठळक, खात्रीचा रंग दिसत नाही. संवर्धित प्रॉक्झिमल पेशींमध्ये काही ग्राही मोजता येतात, पण प्लॅस्टिकच्या बशीत वाढलेली पेशी मूळ स्वभाव सोडते, तो पुरावा वेगळ्या वजनाचा. तुमच्या स्लाइडवर प्रॉक्झिमल ट्यूब्यूल गडद तपकिरी दिसत असेल तर आनंद होण्याआधी प्र. १२ वाचा. बहुतेक वेळा तो रंग ग्राहीचा नसतो.

६. पाठ्यपुस्तकात चढत्या जाड बाजूत ईपी-३ लिहिलंय आणि आमच्या सरांनी दिलेल्या शोधनिबंधात तिथे नाही म्हटलंय. खरं काय?

दोन्ही लिहिणाऱ्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं आहे. पाहिलं मात्र वेगवेगळ्या गोष्टींकडे.

पुस्तकातलं विधान मुख्यतः संदेशवाहक आरएनएवर उभं आहे. मूत्रपिंडाच्या कापांवर ईपी-३ चा आरएनए शोधला तर मेड्युलातल्या चढत्या जाड बाजूत तो मिळतो, प्राण्यांतही आणि माणसातही. कार्याचा पुरावाही आहे: प्राण्यांच्या सुट्या केलेल्या चढत्या बाजूवर पीजीई-२ टाकलं की व्हॅसोप्रेसिनने (पाणी वाचवणारं संप्रेरक) वाढवलेलं चक्रीय एएमपी उतरतं आणि मिठाचं शोषण घटतं. ईपी-३ ने करावं ते हेच.

दुसरीकडे, मानवी ऊतीवर ईपी-३ चं प्रोटीन रंगवताना शेजारीच टॅम-हॉर्सफॉल प्रोटीन रंगवलं, जे चढत्या जाड बाजूची खूण आहे, तेव्हा ईपी-३ चा रंग त्या खुणेच्या नळ्यांबाहेर, पुढच्या टप्प्यात पडला. आता ईपी-३ चे अनेक उपप्रकार आहेत. जनुक एकच, पण जोडणी बदलल्याने प्रत्येकाची शेपटी वेगळी. शेपटीच्या टोकावर बनवलेला प्रतिपिंड एक उपप्रकार ओळखेल आणि बाकीच्यांना ओळखणार नाही. शिवाय प्रोटीन थोडं असेल तर रंग उमटतच नाही.

उत्तरपत्रिकेत काय लिहावं? ‘आरएनए आणि कार्याच्या पुराव्यानुसार चढत्या जाड बाजूत ईपी-३ आहे, मानवी प्रोटीन-रंगणात तो तिथे स्पष्ट आढळला नाही.’ एवढं लिहिलं की परीक्षक कोणत्याही बाजूचा असला तरी गुण कापता येत नाहीत.

७. ग्राही राहू द्या, पीजीई-२ स्वतः मूत्रपिंडात कुठे बनतं?

कॉक्स-१ कलेक्टिंग डक्टमध्ये, वाहिन्यांत आणि ग्लोमेरुलसला आतून आधार देणाऱ्या मेसँजियल पेशींत असतं. कॉक्स-२ मॅक्युला डेन्साच्या आसपास आणि मेड्युलात नळ्यांच्या मधल्या इंटरस्टिशियल पेशींत असतं. माणसात पॉडोसाइटमध्येही.

बहुतेक अवयवांत कॉक्स-२ सूज आली की उगवतं. मूत्रपिंडात ते निरोगी माणसातही कामावर हजर असतं. शिवाय प्राण्यांत मीठ कमी केलं की कॉर्टेक्समधलं कॉक्स-२ वाढतं, मीठ जास्त दिलं की मेड्युलातलं. दोन ठिकाणी दोन वेगळी कामं: वर रेनिन (रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारं विकर) सोडायला लावणं (प्र. ९), खाली मीठ बाहेर टाकणं आणि तिथल्या पेशींना वाचवणं. माणसाच्या मेड्युलाची तीव्रता १२०० मिलिऑस्मोलपर्यंत जाते आणि प्राणवायू मुळातच तुटपुंजा असतो. तिथल्या पेशी पीजीई-२ च्या आधाराने तग धरतात. वर्षानुवर्षं वेदनाशामकं खाणाऱ्यांत मेड्युलाचं टोक, म्हणजे पॅपिला, मरतं, त्यामागचं एक कारण हेच.

८. कलेक्टिंग डक्टमध्ये पीजीई-२ पाणी अडवतं की सोडतं?

रोजच्या परिस्थितीत सोडतं, म्हणजे लघवी पातळ करतं. व्हॅसोप्रेसिन चक्रीय एएमपी वाढवून अ‍ॅक्वापोरिन-२ च्या जलमार्गिका पेशीच्या नळीकडच्या तोंडावर बसवतं आणि पाणी परत रक्तात ओढलं जातं. ईपी-३ चक्रीय एएमपी खाली आणून हा जोर कमी करतो. व्हॅसोप्रेसिन गाडी पुढे नेतं आणि ईपी-३ ब्रेकवर पाय ठेवून असतो.

इंडोमेथासिन हे वेदनाशामक दिलं की पीजीई-२ घटतं, ब्रेक सुटतो आणि लघवी घट्ट होते. ईपी-३ नसलेल्या उंदरांत इंडोमेथासिनने लघवी तशी घट्ट होत नाही. ब्रेकच नाही तर सुटणार काय?

अपवाद असा: व्हॅसोप्रेसिन मुळातच नसेल किंवा त्याचा ग्राही निकामी असेल, तर कुरतडणाऱ्या प्राण्यांत ईपी-२ किंवा ईपी-४ उत्तेजित करून उलट पाणी वाचवता येतं, कारण तेही चक्रीय एएमपीच वाढवतात. म्हणून दोन गटांचे प्रयोग एकमेकांविरुद्ध दिसले तर आधी एकच गोष्ट तपासा: पीजीई-२ टाकताना व्हॅसोप्रेसिन होतं की नव्हतं.

९. रेनिनशी याचा संबंध कसा?

मॅक्युला डेन्सापाशी मीठ कमी पोचलं की तिथलं कॉक्स-२ पीजीई-२ बनवतं. ते अंगावर टेकलेल्या रेनिनच्या पेशींपर्यंत जातं, तिथले ईपी-४ (उंदरांत ईपी-२ सुद्धा) चक्रीय एएमपी वाढवतात आणि रेनिन सुटतं. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) मॅक्युला डेन्साची मीठ ओळखण्याची वाटच बंद करतं, म्हणून त्याने रेनिन वाढतं, आणि वेदनाशामक सोबत दिलं की ही वाढ दबते. रेनिन दबलं की अल्डोस्टेरॉन (पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं संप्रेरक) दबतं आणि पोटॅशियम साचतं. मधुमेही वृद्ध रुग्णाचं पोटॅशियम पेनकिलरनंतर अचानक वाढतं ते या साखळीतून.

१०. माझं क्रिएटिनिन नॉर्मल आहे. गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक घेतलं तर किडनी जाईल का?

शरीरात पुरेसं पाणी असलेल्या निरोगी तरुण माणसात दोन-चार दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. अशा माणसात गाळण्याचा वेग प्रोस्टाग्लँडिनवर अवलंबूनच नसतो.

अडचण येते ती मूत्रपिंड आधीच ताणात असताना. जुलाब-उलट्या, उन्हातान्हात दिवसभर काम, हृदय कमजोर, यकृताचा सिरॉसिस, नेफ्रॉटिक सिंड्रोम, वय जास्त, आधीचा मूत्रपिंडविकार. या अवस्थांत अँजिओटेन्सिन-२ आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन अ‍ॅफरंट आर्टेरिओल आवळत असतात आणि पीजीई-२ तिथल्या ईपी-२ व ईपी-४ वर बसून ती उघडी ठेवत असतं. गोळीने हा टेकू काढला की वाहिनी आवळते, ग्लोमेरुलसमधला दाब घसरतो आणि लघवी कमी होते.

सगळ्यात घातक जोडी, खरं तर तिकडी: बीपीची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ वर्गातली गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक. पहिली इफरंट आर्टेरिओल सैल करते, दुसरी रक्ताचं आकारमान घटवते, तिसरी अ‍ॅफरंट आवळते. तिन्हींमुळे गाळणीतला दाब घसरतो. ही तिकडी चालू असेल तर गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. घ्यावीच लागली तर डॉक्टरांना सांगून, कमीत कमी दिवस, आणि आठवडा-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासून. पाय सुजले, दोन दिवसांत वजन वाढलं किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता गोळी थांबवून दवाखाना गाठा. वेळेत थांबवलं तर अशा प्रकारची इजा बहुधा भरून येते.

बीपीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. कलेक्टिंग डक्ट आणि चढत्या बाजूत मीठ सोडायला लावणारं पीजीई-२ बंद झालं की मीठ-पाणी साचतं आणि बीपी चढतं. ‘गोळी बदलली नाही तरी बीपी का वाढलं?’ याचं उत्तर पुष्कळदा कंबरदुखीच्या पाकिटात असतं.

११. मग सिलेक्टिव्ह कॉक्स-२ गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा चोळायचं जेल सुरक्षित?

कॉक्स-२ वर नेम धरणाऱ्या गोळ्या जठराला सौम्य असतात, मूत्रपिंडाला नाही. कारण प्र. ७ मध्ये आहे: मूत्रपिंडात कॉक्स-२ रोजच्या कामावर असतं. या गोळ्यांना ‘किडनी-सेफ’ समजणं ही आम्हाला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत मूत्रपिंडातल्या प्रोस्टाग्लँडिनला फारसा धक्का लावत नाही, म्हणून नेफ्रॉलॉजिस्ट आधी तेच सुचवतात. यकृताची मर्यादा मात्र पाळावी लागते. जेलमधून रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानाने फार थोडं असतं, पण दोन्ही गुडघे, कंबर आणि खांद्याला दिवसातून चारदा चोळलं तर ‘थोडं’ राहत नाही.

गरोदरपणी २० आठवड्यांनंतर ही वेदनाशामकं टाळायला सांगतात. गर्भाभोवतीचं पाणी प्रामुख्याने बाळाची लघवी असते. बाळाच्या मूत्रपिंडातलं प्रोस्टाग्लँडिन बंद झालं की ते पाणी घटतं.

१२. आम्ही पॅराफिन कापांवर ईपी ग्राही रंगवतोय. सगळंच तपकिरी होतंय. काय चुकतंय?

मूत्रपिंड ही रंगवायला अवघड ऊती आहे आणि हे ग्राही तर त्याहून अवघड. आधी नेहमीची पद्धत: ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये सुमारे २४ तास, ३ ते ५ मायक्रॉनचे काप, १० मिलिमोलर सिट्रेट बफर (पीएच ६.०) मध्ये ९५ अंशांवर २० मिनिटं, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं, प्रोटीन ब्लॉक, पहिला प्रतिपिंड ४ अंशांवर रात्रभर, मग दुसरा, मग डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन). डीएबी सूक्ष्मदर्शकाखाली बघत थांबवा, घड्याळ बघून नाही.

आता बिघाड. पहिला संशयित बायोटिन. मूत्रपिंडाच्या नळ्यांत स्वतःचं बायोटिन भरपूर असतं आणि गरम सिट्रेटने ते आणखी उघडं पडतं. अ‍ॅव्हिडिन-बायोटिन पद्धत वापरत असाल तर ते सगळं रंगतं, प्रॉक्झिमल ट्यूब्यूल सगळ्यात आधी. पहिला प्रतिपिंड न टाकता एक काप चालवा. तरीही रंग आला तर दोष ग्राहीचा नाही. अ‍ॅव्हिडिन आणि बायोटिनचा आगाऊ ब्लॉक द्या, किंवा सरळ पॉलिमर पद्धतीवर या. तीच बरी.

दुसरा, लाल पेशींचं पेरॉक्सिडेज. काप रक्ताने भरलेला असेल तर ३ टक्क्यांचा पेरॉक्साइड ताजा हवा, महिनाभर उघडी पडलेली बाटली नको. फ्लुओरेसन्स करत असाल तर प्रॉक्झिमल पेशी आणि लिपोफ्युसिन (पेशीत साचणारं रंगद्रव्य) स्वतःच चमकतात. न रंगवलेला काप त्याच एक्स्पोजरवर बघितल्याशिवाय काही बोलू नका.

तिसरा आणि खरा मोठा प्रश्न प्रतिपिंडाचा. या कुटुंबातले ग्राही पेशीत थोडे असतात आणि त्यांच्याविरुद्धचे बरेच विक्रीचे प्रतिपिंड दुसऱ्याच प्रोटीनला चिकटतात. ‘ब्लॉकिंग पेप्टाइड (ज्या तुकड्यावर प्रतिपिंड बनवला तो तुकडा) टाकलं आणि रंग गेला’ हा पुरावा पुरेसा नाही. प्रतिपिंड चुकीच्या प्रोटीनला चिकटत असला तरी पेप्टाइड त्याला थोपवणारच. खात्रीचा पुरावा म्हणजे तो जनुक काढून टाकलेल्या उंदराचं मूत्रपिंड, किंवा ग्राही मुद्दाम भरलेल्या आणि न भरलेल्या पेशींची तुलना.

वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन जेलमध्ये वजनानुसार वेगळी करून पट्टी बघण्याची पद्धत) करताना नमुना ९५ अंशांवर उकळू नका. पटलातले हे ग्राही उकळल्यावर एकमेकांना चिकटून जेलच्या तोंडाशी अडकतात. ३७ अंशांवर अर्धा तास पुरतो. ईपी-४ ची ४८८ अमिनो आम्लं धरून वजन सुमारे ५३ किलोडाल्टन होतं, पण साखरेच्या साखळ्यांमुळे पट्टी वर दिसते. नेमकी ५३ वर एकच सुंदर पट्टी आली तर उलट जास्त संशय घ्या.

कोणती नळी आहे हे नजरेने ठरवू नका. शेजारच्या कापावर किंवा त्याच कापावर खुणेचं प्रोटीन रंगवा: प्रॉक्झिमलला मेगालिन किंवा अ‍ॅक्वापोरिन-१, चढत्या जाड बाजूला टॅम-हॉर्सफॉल, डिस्टल आणि जोडनळीला कॅल्बिंडिन, कलेक्टिंग डक्टच्या प्रिन्सिपल पेशींना अ‍ॅक्वापोरिन-२, पॉडोसाइटला नेफ्रिन किंवा सिनॅप्टोपोडिन, वाहिनीच्या अस्तराला सीडी-३१ आणि स्नायूथराला अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिन.

‘नॉर्मल मानवी ऊती’ बहुधा गाठीसाठी काढलेल्या मूत्रपिंडाच्या दूरच्या टोकाची असते. शस्त्रक्रियेत रक्तपुरवठा बंद झाल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये पडेपर्यंतची मिनिटं लिहून ठेवा. उशिरामुळे नुसता आरएनए तुटतो असं नाही, कॉक्स-२ सुद्धा हलतं.

१३. सिंगल-सेल डेटात ग्राही दिसत नाही, किंवा उंदराचे निकाल माणसाशी जुळत नाहीत. कोणावर विश्वास ठेवायचा?

सिंगल-सेल पद्धतीत प्रत्येक पेशीतला थोडाच आरएनए पकडला जातो. ग्राहींचा आरएनए मुळात कमी, त्यामुळे शून्य दिसणं म्हणजे नसणं नव्हे. जनुकांची नावं पीटीजीईआर-१ ते ४ अशी आहेत, ती शोधताना पेशींचा पूर्ण गट एकत्र करून बघा. ऊती विकराने सुटी करताना पेशी घाबरतात आणि काही जनुकं त्या अर्ध्या तासात चालू होतात, हेही धरून चाला.

प्राण्यांबद्दल: ससा, उंदीर आणि माणूस यांच्यात ईपी-२ व ईपी-४ ची वाटणी सारखी नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कलेक्टिंग डक्टमध्ये ईपी-४ चं काम स्पष्ट दिसतं, मानवी रंगणात तिथे तो ठळक नाही. उंदरांत पीजीई-२ ने बीपी किती उतरतं हे नर आणि मादीतही वेगळं निघालं आहे. म्हणून निबंध वाचताना शीर्षकातला अवयव वाचून थांबू नका, प्राणी, लिंग आणि पद्धत या तीन गोष्टी वहीत लिहा.

१४. लघवीतलं पीजीई-२ मोजून मूत्रपिंडातलं काम कळतं का?

बऱ्याच अंशी कळतं, कारण लघवीतलं पीजीई-२ मुख्यतः मूत्रपिंडातूनच येतं. पण पुरुषांच्या नमुन्यात वीर्याचा अंश मिसळला तर आकडा प्रचंड फुगतो. म्हणून जुने काळजीपूर्वक केलेले अभ्यास स्त्रियांच्या नमुन्यांवर आहेत. पुरुषांकडून नमुना घ्यायचा तर आदल्या दिवसांत वीर्यस्खलन झालं का हे विचारावंच लागतं, संकोच वाटला तरी. नमुना लगेच बर्फात, लवकर उणे ८० अंशांवर, आणि आकडा क्रिएटिनिनच्या तुलनेत मांडा. पूर्ण शरीरातलं उत्पादन हवं असेल तर पीजीई-२ नव्हे, त्याचं लघवीतलं चयापचयी रूप मोजावं लागतं.

१५. प्रोस्टाग्लँडिन बंद करणं मूत्रपिंडाला वाईट, मग माझ्या बाळाला इंडोमेथासिन कसं दिलं?

काही आजारांत पीजीई-२ चा पूर आलेला असतो. बार्टर सिंड्रोममध्ये चढत्या जाड बाजूची मीठ-वाहतूक जन्मतः बिघडलेली असते. जन्माआधीच दिसणाऱ्या प्रकारांत मॅक्युला डेन्सालाही मीठ ‘दिसत’ नाही, ते समजतं की शरीरात मीठच नाही, आणि पीजीई-२ व रेनिनचा मारा सुरू होतो. या प्रकाराला पूर्वी हायपरप्रोस्टाग्लँडिन ई सिंड्रोमच म्हणत. इथे इंडोमेथासिनने लघवी, मीठ आणि पोटॅशियमची गळती कमी होते. नेफ्रोजेनिक डायबिटीस इन्सिपिडसमध्येही (मूत्रपिंड व्हॅसोप्रेसिनला पुरेशी दाद देत नाही तो आजार) ते थायझाइड या लघवीच्या गोळीसोबत वापरतात, प्र. ८ मधला ब्रेक सोडवण्यासाठी. प्र. १० मधले धोके इथेही आहेत, शिवाय नवजात बाळाच्या आतड्यांचे. मात्रा फक्त बालनेफ्रॉलॉजिस्ट ठरवतात, आणि जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी त्यांना फोन करायचा.

१६. विकर बंद करण्याऐवजी एकेका ग्राहीवरच औषध का काढत नाहीत?

काढतात. ग्रॅपिप्रंट फक्त ईपी-४ रोखतं आणि २०१६ पासून अमेरिकेत कुत्र्यांच्या संधिवातासाठी मान्य आहे. उलट दिशेला मिसोप्रोस्टॉल आहे, जे ईपी-३ आणि ईपी-४ (व ईपी-२) चालू करतं. ते जठर आणि गर्भाशयासाठी वापरलं जातं. मूत्रपिंडासाठी अडचण प्र. ४ आणि प्र. १० एकत्र वाचले की दिसते: ईपी-४ पॉडोसाइटवर रोखावा असं वाटतं, आणि अ‍ॅफरंट आर्टेरिओलवर चालू राहावा असं वाटतं. गोळीला तो फरक कळत नाही.

१७. थ्रॉम्बॉक्सेन आणि प्रोस्टासायक्लिनचे ग्राहीही इथेच का?

जवळपास. ही दोन्ही पीजीई-२ ची भावंडं, कॉक्समार्फतच बनणारी. थ्रॉम्बॉक्सेनचा टीपी ग्राही ग्लोमेरुलस आणि वाहिन्यांत, आवळणारा. प्रोस्टासायक्लिनचा आयपी ग्राही वाहिन्यांत, विशेषतः अ‍ॅफरंट आर्टेरिओलमध्ये, सैल करणारा.

१८. गिधाडं डायक्लोफिनॅकने मेली, त्यातही हेच ग्राही होते का?

मूत्रपिंड नक्की होतं. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची मेलेली शरीरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडत आणि युरिक आम्लाचा पांढरा थर हृदय-यकृतावर साचे. २००४ मध्ये हा दुवा सिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. पण पक्ष्यांचं मूत्रपिंड आपल्यापेक्षा वेगळं, ते युरियाऐवजी युरिक आम्ल टाकतात आणि त्यांना पायांकडून येणारी वेगळी शीरही असते. आधी रक्तप्रवाह आवळला गेला, का युरिक आम्लाची वाहतूकच थेट बिघडली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वर दिलेला ईपी ग्राहींचा नकाशा मानवी मूत्रपिंडाचा आहे, तो गिधाडावर लावू नका. जनावरांच्या डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम लिहून दिलं तर ते याच गटातलं आहे, आणि गिधाडांना ते सोसतं.